पालथीचं कडं

देवानं माणसाला डोकं दिलं ते गोल दिलं आणि त्याला कड ठेवली नाही. कड असती तर डोक्यात चढलेला राग निदान तिथं तरी अडला असता. तशी सोय त्यानं केली नाही, म्हणून टोपीगल्लीतल्या दोन चुलत भावांची ही गोष्ट सांगावी लागते आहे.

टोपीगल्ली इतकी अरुंद, की या बाजूचा दुकानदार शिंकला तर त्या बाजूच्यानं रुमाल काढावा. तिच्यात समोरासमोर दोन दुकानं. दोन्ही टोप्यांची, आणि दोन्हींवर पाटी एकच: 'अस्सल पालथी'. या दुकानात उभं राहिलं की समोरचा तो पलीकडचा, आणि त्या दुकानात उभं राहिलं की हा पलीकडचा. गल्लीनं दोघांची खरी नावं कधीच टाकून दिली होती. आपण या दुकानात उभे आहोत, तेव्हा आपला तो अलीकडचा, एवढं धरून चालू.

पालथी म्हणजे बिनकडेची टोपी. दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, ज्याला कारागीर नमदा म्हणतात. डोक्यावर चपखल बसते, वाऱ्याला दाद देत नाही, आणि बरोबर माथ्यावर जाड दोऱ्यानं शिवलेलं एक गोल कडं असतं. ते कडं कशाला, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर दोन्ही दुकानांतून एकच उत्तर मिळे: "मजबुतीला." नमद्याला असल्या मजबुतीची गरज नसते हे दोन्ही भावांना ठाऊक होतं. पण वाडवडील घालत आले म्हणून तेही घालत होते. बिनकड्याची पालथी एकदा पलीकडच्यानं करून पाहिली, तर गिऱ्हाइकांनी ती हातात घेऊन फिरवली आणि काहीतरी चुकतंय म्हणून परत ठेवली.

एके सकाळी अलीकडच्यानं दुकानाची फळी उघडली आणि समोर पाहतो तो पलीकडच्याच्या पाटीखाली ओल्या रंगात एक नवी ओळ: 'हे नाव याच घरानं दिलं.'

अलीकडचा फळी हातात धरूनच रस्त्यात आला.

"कुणाच्या घरानं दिलं रे?"

पलीकडचा स्टुलावर बसून लोकर पिंजत होता. मान वर न करता म्हणाला, "वाचता येतं ना? की तेही तुझ्या बापानं शिकवायचं बाकी ठेवलं?"

"माझ्या बापाचं नाव तोंडात घेऊ नकोस. नाव त्यांनी दिलं. अख्खं गाव पालथं घातलं त्यांनी, घरोघर जाऊन लोकांची डोकी मापली, तेव्हा कुठं सगळ्यांना बसेल अशी टोपी निघाली. गाव पालथं घालून काढली म्हणून पालथी!"

"गाव पालथं घातलं ते उधारीवाल्यांना चुकवायला. टोपीशी त्याचा काय संबंध?" पलीकडच्यानं आता मान वर केली. "खरं ऐक. आपले आजोबा हॅटा करायचे, मोठ्या कडेच्या. एका हॅटची कड उंदरांनी कुरतडली. माझ्या वडिलांनी ती सफाईदार कापून काढली आणि कापलेलं दिसू नये म्हणून काचेत पालथी घालून ठेवली. गिऱ्हाईक आलं, म्हणालं, ती पालथी दाखवा. झालं नाव!"

"म्हणजे तुझ्या बापानं उंदरांचं उष्टं विकलं! मग तसंच लिही ना पाटीवर. अस्सल उष्टी!"

गल्लीतली सगळी दुकानं एव्हाना बाहेर आली होती. पलीकडचा उठला, अलीकडच्यानं हातातली फळी आडवी धरली, आणि दोघांच्या मध्ये गल्लीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष येऊन उभे राहिले. अध्यक्षांचा बटणांचा घाऊक धंदा. माणूस गोलमटोल, बोलण्याची भारी हौस.

"अरे, शब्दासाठी डोकी फोडता? डोकी फुटली तर टोप्या कुठं घालाल?" ते म्हणाले. "शब्दाचं असं असतं बघा, टोप चुलीवर बसतो, टोपी डोक्यावर, टोपडं बाळाच्या..."

"अध्यक्ष, टोपड्याचं राहू द्या," अलीकडचा ओरडला. "याला ओळ पुसायला सांगा. नाहीतर निकाल लावा. ज्याच्या बापानं शब्द काढला त्याच्या पाटीवर तो राहील. दुसऱ्यानं आपल्या हातानं खरवडून काढायचा, सगळ्या गल्लीसमोर!"

"कबूल!" पलीकडचा गरजला. "आणि पुन्हा तोंडानंही उच्चारायचा नाही. दुकानात साध्या टोप्या विकायच्या, साध्या!"

तोंडून निघून गेलं आणि मग दोघांनीही आपापल्या पाटीकडे पाहिलं. कारण या गल्लीत बाहेरगावचं माणूस येतं ते पालथी विचारत येतं. साधी टोपी कुठंही मिळते. शब्द गेला की दुकान उरतं खरं, पण त्यात कोणी शिरत नाही. पण आता माघार कोण घेणार? अध्यक्षांनी परवाचा दिवस ठरवला, पुरावा घेऊन या म्हणाले, आणि चहा प्यायला निघून गेले.

दुपारी जेवताना अलीकडच्याची बायको म्हणाली, "अहो, पुरावा म्हणून काय नेणार? तुमचा आवाज?"

"वडील सांगायचे तेच सांगेन."

"समोरचे भावजी त्यांच्या वडिलांचं सांगतील. दोन मेलेली माणसं, दोघांची तोंडं बंद. त्या काळातलं जिवंत कोण आहे ते बघा."

तिनं नाव घेतलं नाही, पण घास त्याच्या हातातच राहिला. जिवंत एकच होती. आत्या.

आत्या म्हणजे आजोबांच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. ही दुसरी बायको घरात आली तेव्हा थोरले दोघे मुलगे, म्हणजे या दोन भावांचे वडील, मिशा फुटलेले होते. त्यांनी तिला एक दिवस आई म्हटलं नाही. 'बाहेरची' म्हणत. आजोबा गेले आणि महिन्याच्या आत बाहेरची खरोखर बाहेर झाली, या मुलीला बोटाला धरून. गल्लीच्या टोकाला धुलाईवाल्याच्या वरची खोली तिनं धरली. तीच खोली आता आत्याची. कोट शिवणाऱ्यांची अस्तरं लावून ती पोट भरते. दोन्ही घरांत तिचं येणं नाही, जाणं नाही. रस्त्यात दिसली तर अलीकडचा पाटी वाचत असल्यासारखा वर बघतो. भावाभावांत उभा दावा, पण या एका बाबतीत दोघे न ठरवता एक होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातली सगळ्यात चांगली पालथी निवडली, राखी रंगाची, मऊ, आणि धुलाईवाल्याचा जिना चढला. जिना साबणाच्या वाफेनं ओला होता. दार उघडंच होतं. आत्या खिडकीशी बसून एका कोटाच्या आत अस्तर टाचत होती. तोंडात टाचण्या. तिनं वर बघितलं, ओळखलं, आणि टाचण्या एकेक करून काढून उशीला खोचल्या. घाई कसलीच नाही.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. मीच आलो. तुम्हाला भेटावं म्हटलं."

"तुम्ही! मी तुम्ही कधीपासून झाले? काम असल्यावर माणूस बहुवचनात जातं वाटतं."

त्यानं टोपी पुढं केली. "आत्या, थंडी पडतेय. तुझ्यासाठी टोपी आणली."

"माझं डोकं गरम असतं. तुमच्या घरानं सोय करून ठेवली आहे तेवढी. ठेव तिकडं आणि बोल काय ते. उजेड जाईल माझा."

आता टोपीवाल्यांची एक सवय सांगायला हवी. टोपी करणारा माणूस तयार टोपी कधी आडवी ठेवत नाही. आडवी ठेवली की नमदा बसतो, आकार जातो. ती कशावर तरी घालूनच ठेवायची: कालबुतावर, म्हणजे लाकडाच्या घडीव डोक्यावर, ते नसेल तर मडक्यावर, खुंटीवर, काहीच नाही तर स्वतःच्या गुडघ्यावर. हे मनानं ठरवावं लागत नाही, हातच करतात. अलीकडच्याचे डोळे आत्याकडे होते, तोंडात बोलायचं वाक्य जुळत होतं, आणि हातानं जवळच्या फळीवर चाचपून जे गोल लागलं त्यावर टोपी घातली.

ती बसली.

टोपीवाल्याला बसणं आणि बसणं यातला फरक कळतो. कुठल्याही गोल वस्तूवर टोपी राहते, पण ती राहणं वेगळं. ही टोपी खाली सरकली, भोवतालून घट्ट झाली आणि माथ्यावरचं कडं कशावर तरी टेकून जागच्या जागी अडकलं. त्याच्या बोटांना ते कळलं. चाळीस वर्षं तो कडं घालत होता, आणि चाळीस वर्षांत ते कडं असं कशावर बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्या बापाच्या कालबुतांवरसुद्धा नाही.

त्यानं टोपी उचलली. खाली धुऊन पालथा घातलेला एक जुना लाकडी वाडगा होता. काळा पडलेला, खूप वापरलेला. त्याच्या बुडाला उभं राहायला एक गोल बैठक होती, बरोबर कड्याएवढी. आणि बाहेरच्या अंगावर सगळीकडे, वाळवी लागावी तशी, बारीक बारीक भोकं. पण वाळवी नव्हती. टाचण्यांची भोकं होती, ओळीनं, जशी नमदा ओला असताना ताणून टाचतात तशी.

"जेवणाच्या वाडग्याला बाहेरून टाचण्या कोण मारतं?" तो पुटपुटला.

"जिला कालबूत देत नाहीत ती," आत्या म्हणाली.

खोलीत खालची वाफ येत होती. आत्यानं कोट मांडीवरून बाजूला केला.

"तुझा आजा अंथरुणाला खिळला तेव्हा दोघांनी कालबुतं कपाटात घातली आणि कुलूप लावलं. बाहेरचीनं हात लावायचा नाही. का, तर उद्या वाटा मागेल. जेवायला मात्र ताटं वाढून हवीत. आई कारखाना झाडायची, तेव्हा हॅटा कापून उरलेले नमद्याचे तुकडे गोळा करायची. तुकड्यांत कड बसत नाही. मग टोपी कडेवाचूनच केली. साचा नव्हता. मग जेवून झालं की हा वाडगा घासायचा, पालथा घालायचा आणि त्यावर नमदा ओढायचा. बैठकीचा वळ उठायचा माथ्यावर. तो वाईट दिसतो म्हणून त्यावरून दोरा फिरवायची. मजबुतीला! मजबुतीला म्हणे! ऐकू येतं मला खिडकीतून."

अलीकडच्याला सुचलं ते चुकीचंच. "आणि... नाव?"

आत्या हसली. ते हसणं बघून त्याला वाटलं, न हसती तर बरं.

"त्यासाठीच आलास ना? ऐकलं मी तुमचं कालचं भजन, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. घे मग. पहिली टोपी घेऊन आई कारखान्याच्या दारात उभी राहिली, की बघा, विकेल का. तुझा बाप तिच्या हातातला वाडगा बघून म्हणाला, 'आली बघा पालथी! खायचं भांडं डोक्यावर घालणारी!' आईलाच म्हणाला, टोपीला नाही. मग येता जाता तेच. पालथी आली, पालथी गेली, पालथी जेवली का. टोपी खपायला लागल्यावर शब्द टोपीला चिकटला. आईच्या अंगावरून निघाला नाही तो कधी."

"माझे वडील? पहिल्यांदा तेच?"

"पहिल्यांदा तोच. थोरला, समोरच्याचा बाप, नुसता हसला. तू जिंकलास बाबा. जा, सांग जाऊन अध्यक्षाला. मी काही येणार नाही तिथं." तिनं पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या आणि त्यांच्यामधूनच म्हणाली, "दार लावून जा. आणि ती टोपी उचल."

त्यानं दार लावलं. टोपी मात्र उचलली नाही. विसरला म्हणा, नाहीतर हात धजला नाही म्हणा.

रात्रभर त्यानं मनातल्या मनात वाक्य घडवलं, नमदा वाफेवर घडवतात तसं. खोटं बोलायचं नव्हतं. देवाला भिणारा माणूस होता तो. पण खरंही सगळं एकदम बोललं पाहिजे असं कुठं आहे? 'आत्या सांगते, हा शब्द पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या तोंडून आला.' एवढंच. अक्षर न् अक्षर खरं. तिथंच थांबायचं. देव ऐकत असेल तर त्यालाही यात बोट ठेवायला जागा नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि असं समजवावं लागतं तेव्हाच माणसाला ठाऊक असतं की जागा आहे.

अध्यक्षांच्या बटणांच्या कोठीत गल्ली जमली. भिंतीला बटणांची पोती, मध्ये लांब टेबलावर बायका बटणं निवडत बसलेल्या. त्यांच्या बोटांचा चटचट आवाज चालू. पलीकडच्यानं उंदरांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी उंदीर जास्त होते.

अध्यक्ष अलीकडच्याकडे वळले. "तुझं काय?"

त्यानं घडवलेलं वाक्य बाहेर काढलं. घडवलेलं होतं म्हणून नीट बसलं. कोठीत कुजबुज झाली.

"आत्या बोलली? तुझ्याशी?" अध्यक्षांना तेच जास्त नवल वाटलं.

"बोलली. विचारा जाऊन."

"मी नाही जात बाबा. मागं वर्गणी मागायला गेलो तर जिन्यावरून बादली ओतली होती तिनं. पण ती कुणाच्या बाजूनं खोटं बोलणारी नाही, हेही खरं. तुमच्या बाजूनं तर नाहीच." ते पलीकडच्याला म्हणाले, "मग? तुला काही म्हणायचंय?"

पलीकडच्याचा चेहरा पडला होता. अलीकडच्याला तो पडलेला चेहरा दिसला, आणि इथंच तो गप्प बसता तर गोष्ट इथंच संपली असती. शब्द त्याचा झाला असता. पण इतक्या वर्षांचं वैर, ते काय नुसत्या जिंकण्यावर भागतं? पलीकडचा कसंबसं म्हणाला, "आणि माझे वडील? ते थोरले. ते काय तेव्हा झोपले होते?" झालं. अलीकडच्याच्या जिभेला आवरेना.

"झोपला कशाला असेल? शेजारीच उभा होता तुझा बाप. दात काढत होता! शब्द काढायची अक्कल नव्हती, हसायची तेवढी होती!"

"हसत होते?" पलीकडचा पुढं झाला. "टोपीला नाव ठेवलं तर त्यात हसायचं काय?"

अलीकडच्यानं टेबलावरचं एक बटण उचललं आणि परत ठेवलं.

"बोल ना आता. गाव पालथं घालून आले होते ना तुझे वडील? मग हसणार कशाला कोणी? कशाला हसले ते?"

"हसले... ते..."

"बघा अध्यक्ष, रचून आणलंय! शेवट रचायचा राहिला!"

टेबलावरची चटचट थांबली होती. बटणं निवडणाऱ्या बायकांनी हात धरून ठेवले होते. अलीकडच्यानं अध्यक्षांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. आपण स्वतःच्याच हातानं दार उघडलं आणि आता ते लावायला हात पुरत नाही, हे त्याला कळलं.

"बाईला हसले," तो म्हणाला. "आत्याच्या आईला."

आणि मग त्यानं सांगितलं. कुलूप सांगितलं, तुकडे सांगितले, वाडगा सांगितला, बैठक आणि तिचा वळ सांगितला. चांगलं सांगितलं नाही; अडखळत, मागचं पुढं करत, मध्येच पलीकडच्याला "तुझ्या बापाकडं किल्ली होती" असा टोला हाणत. पण सांगितलं. 'खायचं भांडं डोक्यावर घालणारी' हे बापाचं वाक्य सांगताना त्याचा आवाज अगदी बापासारखा निघाला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो थांबला.

पलीकडच्यानं डोक्यावरची पालथी काढली होती आणि माथ्यावरच्या कड्यावरून अंगठा फिरवत होता. तोही शेवटी टोपीवालाच. त्याच्या अंगठ्याला पुरावा पटत होता.

"त्या बाहेरचीनं?" तो म्हणाला.

"तिला बाहेरची आपण केली," अलीकडचा म्हणाला. "आपल्या बापांनी. आणि त्यात तुझा थोरला."

"पुन्हा माझ्या बापाला..."

"पुरे!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली, बटणं उडाली. मग ते कोरड्या आवाजात म्हणाले, "ठरलं होतं ते ठरलं. ज्याच्या बापानं शब्द काढला, शब्द त्याचा. याच्या बापानं काढला. पलीकडच्यानं उद्या पाटी खरवडावी." आणि अलीकडच्याकडे न बघता, "घे. लखलाभ."

कोणी त्याची पाठ थोपटली नाही. निवडणाऱ्यांतली एक म्हातारी बटण टोपलीत टाकता टाकता शेजारणीला म्हणाली, "चांगली मोठी इस्टेट मिळाली हो." कोठी हसली. त्याच्याकडे बघून हसली.

घरी बायकोनं ताट वाढलं. "जिंकलात ना?" ती म्हणाली. "मग जेवा." पण स्वतः समोर बसली नाही.

सकाळी गल्ली उघडली तेव्हा दोन्ही दुकानांना शिड्या लागलेल्या होत्या. समोर पलीकडचा पैज हरला म्हणून खरवडत होता. इकडे अलीकडचा, जिंकलेला, तोही पत्र्याची पट्टी घेऊन वर चढला होता. त्यानं कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

"तू कशाला रे चढलास?" पलीकडचा मागं न बघता ओरडला.

"माझी पाटी, माझी शिडी. तू तुझं कर."

"करतोय. तुझ्यापेक्षा लवकर करतोय."

आणि खरंच, चढाओढीनं त्याचा हात जोरात चालला. तो उजवीकडून सुरू झाला होता. शेवटचं अक्षर गेलं आणि पाटीवर राहिलं: 'अस्सल पाल'. खालून जाणारी माणसं थांबून हसू लागली. अलीकडच्यालाही हसू आलं आणि तो शिडीवरून म्हणाला, "राहू दे, राहू दे! आता कुठं घराण्याचं खरं नाव आलं!"

"खाली उतर, दाखवतो तुला पाल!"

"कोणी कुठं उतरायचं नाही."

आवाज आत्याचा होता. ती दोन शिड्यांच्या मध्ये उभी होती. वर्षानुवर्षं ती या गल्लीतून भिंतीच्या कडेनं जात आली, पण आज मधोमध उभी होती. हातात ती राखी टोपी.

"काय चाललंय हे?"

"खरवडतोय, आत्या," अलीकडचा म्हणाला. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं त्याच्या आवाजात होतं. "वडिलांनी वाईट बोललेला शब्द. नको तो आमच्या दारावर."

"का? लाज वाटते?"

"...वाटते."

"वाटू दे की मग. इतक्या लवकर पुसून कुठं निघालास? माझ्या आईला तुमच्या घरानं आयुष्यात एकच वस्तू दिली, तो शब्द. बाकी सगळं काढून घेतलं. आता लोकांना कळलं तो कुणाचा आहे, तर तेवढाही काढून घेता? ठेव ती पट्टी खाली. शब्द राहील. रोज फळी उघडशील तेव्हा वाचायचा." मग ती दुसरीकडे वळली. "आणि तू. तू काय सोवळा लागून गेलास? हसायला होता ना तुझा बाप? मग तुझाही वाटा आहे. ते अक्षर परत लिही."

"पण अध्यक्षांनी सांगितलं..."

"अध्यक्षाला म्हणावं, जिन्यावर ये."

पलीकडच्यानं अलीकडच्याकडे बघितलं. अलीकडच्यानं पलीकडच्याकडे. मग दोघांनी एकदमच नजर फिरवली, एकमेकांच्या तोंडावर आपलंच तोंड दिसल्यासारखी.

"आणि खालची ती ओळ," आत्या जाता जाता पलीकडच्याला म्हणाली. "'हे नाव याच घरानं दिलं.' तेवढी राहू दे. खरी आहे. यालाही लिहून दे एक."

तिनं राखी टोपी अलीकडच्याच्या शिडीच्या पायरीवर आपटली. "घे. कडं उसवून परत घातलंय. तुम्ही लोक ते बाहेरून आत घालता, आत ओढ बसत नाही. आतून बाहेर घालायचं असतं. आई तसं घालायची." आणि ती गेली. मागं वळून बघायला ती काही आलेली नव्हती.

तो खाली उतरला. टोपी उचलून आत आला. हात आपोआप काचेतल्या कालबुताकडे गेला, बापाच्या, शिसवी, सगळ्यात महागड्या. त्यानं टोपी त्यावर घातली. कडं एका बाजूला कललं. दुसऱ्यावर घातली, तिथंही माथा ताणला गेला. तिसऱ्यावर तर बसलीच नाही. दुकानभर लाकडाची डोकी रांगेनं उभी होती आणि त्यांतल्या एकावरही ती टोपी नीट राहीना. ज्यावर ती बसली असती ते भांडं धुलाईवाल्याच्या वरच्या खोलीत होतं, आणि त्या जिन्यावर आपल्याला कोणी पुन्हा बोलावणार नाही हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्यानं मूठ वळून आत घातली आणि तशीच, मुठीवर टोपी धरून, तो दुकानाच्या मध्यभागी उभा राहिला.

दारात एक बाई आली, बाहेरगावची दिसत होती. पाटीकडे बघून तिनं आत डोकावलं.

"पालथी मिळेल का? ती बिनकडेची?"

"मिळेल," तो म्हणाला. "त्या बघा, त्या रांगेतल्या."

"आणि ही, तुमच्या हातातली?"

"ही नाही," अलीकडचा म्हणाला.